हृदयाची भिंत हलली तो दिवस

महाड-पोलादपूर भागात कुणाच्या छातीत कळ आली, कुणाला मुंबईला नेलं, की चार-आठ दिवसांत मला फोन येतो. "तुमचं ते हार्टचं झालं होतं ना, तेव्हा काय काय केलं?" मी सांगतो. हातवारे करून सांगतो, टेबलावर बोटाने काढून दाखवतो. माझी बायको सुरेखा म्हणते, "तुमी सांगायला लागलात की समोरच्याचा चहा गार होतो. एकदा लिहून काढा." म्हणून हे लिहितोय. डॉक्टरी मला येत नाही. मी वीज बोर्डातला वायरमन. माझ्याबाबत जे झालं, ते सांगतो.

शिडीवरून खाली

साल दोन हजार सहा. मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. मार्च महिन्यात चवदार तळ्यावर लांबलांबून लोक येतात, तेव्हा दिव्यांच्या कामासाठी आजूबाजूच्या सेक्शनमधले वायरमन महाडला लावतात. मी पोलादपूरहून त्यासाठीच गेलो होतो. सकाळचे साडेअकरा. खांबाला शिडी लावून वर चढलो होतो आणि डाव्या जबड्यात दुखायला लागलं. दाढ असेल, असं वाटलं. मग दंड भरून आला. मग छातीवर कुणीतरी पाटा ठेवला.

शिडीवरून मी स्वतः उतरलो, एवढंच आठवतं. खाली बसलो तर शर्ट घामाने पिळण्यासारखा झालेला. माझ्याभोवती जमलेली माणसं पार विदर्भातून आलेली होती, एकही ओळखीचा चेहरा नाही. एका बाईने हातातल्या पुस्तिकेने वारा घातला. दोघांनी मला उचललं आणि गर्दीतून वाट काढत रिक्षेपर्यंत नेलं. त्यातला एक जण सारखा म्हणत होता, "भाऊ, डोळे उघडे ठेवा, माझ्याशी बोला." त्याला मी माझ्या मुलीचं नाव सांगितलं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

महाडच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, बघितली आणि रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. "मोठा अ‍ॅटॅक आहे. गॅस नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या हॉस्पिटलात अँजिओप्लास्टी झाली, नळी मोकळी झाली. मला वाटलं, संपलं. फ्यूज उडाला, तार बदलली, लाइन चालू.

अठ्ठावीस

तसं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. छातीवर गार जेली लावून डॉक्टर मॅडम मशीनचा दांडा फिरवत होत्या. पडदा माझ्या बाजूला अर्धवट वळलेला. मी मान वाकडी करून बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं हृदय बघत होतो! पिशवीसारखं काहीतरी उघडतंय, मिटतंय, आत झडपा फडफडतायत. मी हरखून गेलो. अठरा वर्षं मोटारी, पंप, ट्रान्सफॉर्मर बघितले. इतकं सुरेख चालणारं यंत्र बघितलं नव्हतं.

"मॅडम, मस्त चाललंय की."

मॅडम चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "विलासराव, ही समोरची भिंत बघा. हलतेय का?"

बघितलं. मागची भिंत आत येत होती, बाहेर जात होती. समोरची नुसती उभी. बाकीच्यांनी ओढलं की फरफटत जाणारी.

"रक्त पोचायला उशीर झाला. तेवढा भाग मेला. जखम भरली की तिथे वण राहील. वण आकुंचन पावत नाही. पंपिंग साधारण साठ टक्के हवं. तुमचं अठ्ठावीस आहे."

आमचं घर पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत. गाडीरस्ता संपल्यावर पाऊण तास चढ. घरी सोडताना मॅडमनी तो चढ बंद केला. मी, सुरेखा आणि आमची पाच वर्षांची छकुली पोलादपूरच्या बाजारपेठेत भाड्याच्या खोलीत आलो. माझे वडील, आबा, वाडीत एकटेच राहिले. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. दर रविवारी आबा खाली यायचे, ओट्यावर बसायचे आणि माझ्याकडे न बघता विचारायचे, "दम लागतो का रे?"

"नाय लागत," मी सांगायचो. तेवढं बोलतानाही लागायचा.

सही

मे महिन्यात तपासणीला एकटाच गेलो. सुरेखा अंगणवाडीत सेविका, तिची त्या दिवशी मीटिंग होती. मॅडमनी बसवून घेतलं आणि एका नव्या उपचाराबद्दल सांगितलं. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि हृदयाच्या नळीतून त्या जखमी भागात सोडायच्या. त्या पेशी तिथली डागडुजी करतात का, हे त्यांना बघायचं होतं.

"करतात का?" मी विचारलं.

"माहीत नाही. काहींच्यात फरक दिसलाय, काहींच्यात नाही. हा प्रयोग आहे, विलासराव. धोकाही आहे. घरी विचारून या."

"आणि फरक पडला की नाही, हे कळणार कसं?"

तेव्हा त्यांनी यादी सांगितली. आधी एको, न्यूक्लिअर स्कॅन, एमआरआय. तीन महिन्यांनी पुन्हा. सहा महिन्यांनी पुन्हा. मग वर्षाने. प्रत्येक वेळी तेच हृदय, त्याच कोनातून, शेजारी शेजारी ठेवून बघायचं. माझ्या अंगात वीज संचारली. मी तिथेच सही केली.

घरी येऊन उत्साहाने सगळं सांगितलं. सुरेखा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"घरी विचारून या म्हणाल्या होत्या ना त्या?"

"अगं, चांगलंच आहे..."

"चांगलं का वाईट ते मागनं बघू. तुमाला काय झालं तर ह्या पोरीला घेऊन मी राहणार हाय. सही करताना माझी आठवण नाय झाली?"

आबांचं वेगळंच. "हाडातला मगज काढतील तर उभा कशावर राहशील? झाडाचा गाभा काढला तर झाड राहतं का?" चार दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी सुरेखा म्हणाली, "मला घेऊन चला त्या मॅडमकडे." तिने मॅडमना तासभर प्रश्न विचारले. मी विचारले नव्हते असे. पेशी भलतीकडे गेल्या तर? ताप आला तर महाडचा डॉक्टर बघील का? मध्येच सोडावंसं वाटलं तर सोडता येतं? मॅडमनी प्रत्येकाचं उत्तर दिलं, जिथे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाल्या. मग माझ्या सहीखाली सुरेखाने साक्षीदार म्हणून सही केली आणि मला म्हणाली, "आता ह्यापुढं प्रत्येक फोटोला मी येणार." तुम्हाला असा कागद कुणी दिला, तर आधी घरी न्या. माझं ऐका.

हाडातून हृदयात

आधीचे फोटो काढले. न्यूक्लिअर स्कॅनला किंचित किरणोत्सर्गी औषध टोचतात, मग हात डोक्यावर घेऊन वीस मिनिटं निजायचं आणि कॅमेरा तुमच्याभोवती फिरतो. ज्या भागात जीव आहे तो औषध शोषतो आणि पडद्यावर पिवळा-केशरी पेटतो. माझं हृदय बांगडीसारखं दिसलं, आणि बांगडीचा वरचा तुकडा गायब. तिथे नुसता अंधार. मशीनवरच्या दिनेशने सांगितलं, "आज लहान मुलांना जवळ घेऊ नका." मेहुण्याकडे मुक्काम होता. त्याची दोन वर्षांची लेक हात पसरून आली आणि मी गॅलरीत पळालो. ती रडली, मीही रडकुंडीला आलो, आणि सुरेखा आमच्या दोघांकडे बघून हसली. मेच्या त्या सहीनंतर पहिल्यांदा.

जूनमध्ये सकाळी पालथं निजवून कमरेच्या हाडातून मज्जा काढली. जागा बधिर केलेली, तरी आतून कुणी सांडशीने खेचतंय असं वाटतं. लाल, दाट. ती लॅबमध्ये गेली आणि दुपारी एका लहानशा सिरिंजमध्ये परत आली, फिकट, भाताच्या निवळीसारखी. "एवढंच?" मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "यात कोट्यवधी आहेत."

भीती वाटली ती पुढे. पेशी सोडताना त्या वाहून जाऊ नयेत म्हणून हृदयाच्या नळीत फुगा फुगवून दोन-तीन मिनिटं रक्त थांबवतात. मला आधी सांगितलं होतं. तरी रक्त थांबलं आणि छातीवर तोच पाटा आला. तीच कळ, तोच जबडा. क्षणभर मी पुन्हा चवदार तळ्याजवळच्या त्या शिडीखाली होतो. मॅडम मोठ्याने आकडे मोजत होत्या. त्यांचा आवाज धरून पडून राहिलो. फुगा सैल झाला, कळ ओसरली, आणि मला एकदम हसू फुटलं. माझ्याच हाडातली माणसं माझ्याच हृदयात कामाला गेली होती!

पांढरं दिसलं

जुलैत महाडच्या डॉक्टरांकडे रक्त तपासायला गेलो, तिथे बाकावर दासगावचे पांडुतात्या भेटले. साठीचे, सावित्रीकाठी भातशेती करणारे, आवाज खणखणीत. त्यांनाही महिन्यापूर्वी माझ्यासारखाच अ‍ॅटॅक आलेला, पंपिंग तीस. मी त्यांना दीड तास सगळं सांगितलं. बांगडी, कॅमेरा, पेशी. तात्यांचे डोळे चमकायला लागले. "मला पण बघायचा हाय माझा काळीज," ते म्हणाले. मी मॅडमचा पत्ता दिला.

सप्टेंबरमध्ये माझे तीन महिन्यांचे फोटो होते आणि त्याच दिवशी तात्यांना पेशी द्यायच्या होत्या. सकाळी माझा एमआरआय झाला. आत अरुंद बोगदा, कानात ठकठक, खर्रखर्र, आणि मधूनच आवाज येतो: "श्वास घ्या. सोडा. धरून ठेवा." बाहेर आलो तर दिनेशच्या पडद्यावर माझं हृदय होतं, आणि समोरची भिंत लख्ख पांढरी!

"सुरेखा, बघ! पेटलीय! जिवंत झाली!" मी ओरडलोच. बाहेरच्या नर्सने दारातून डोकावलं.

दिनेश खुर्चीतून उठला. "काका, बसा जरा. न्यूक्लिअरमध्ये उजेड म्हणजे जीव. एमआरआयमध्ये उलटं. यात पांढरं दिसतं तो वण."

"म्हणजे?"

"म्हणजे जूनला होता तेवढाच आहे."

एको झाला. एकोणतीस. मॅडम म्हणाल्या, एका टक्क्याला फरक म्हणत नाहीत. जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. सुरेखा शेजारी बसली. माझ्या रिपोर्टची पिशवी तिने आपल्या मांडीवर घेतली.

आणि वरच्या मजल्यावर तात्या हॉस्पिटलचा झगा घालून वाट बघत होते. माझ्या बडबडीवर भुलून आलेले. तासाभरात त्यांच्या कमरेत सुई जाणार होती. मी सुरेखाकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगा त्यांना. लपवू नका." पाय ओढत वर गेलो.

"तात्या, माझ्यात काय फरक नाय पडला. पाहिजे तर तुमी आता पण नको म्हणू शकता."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू उभा हायेस ना?"

"आहे."

"मग झाला तर. अरे, मॅडमनी मला काल दोन तास सांगितलान, खात्री नाय म्हणून. मी काय तुझ्या बोलण्यावर सही केली असा वाटला तुला? एवढा खुळा नाय मी." आणि ते स्ट्रेचरवर स्वतः चढून निजले.

डिसेंबर

पुढचे तीन महिने मी गोळ्या घेतल्या, मीठ कमी केलं आणि रोज चाललो. पोलादपूरहून नदीच्या पुलापर्यंत आणि परत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुलापर्यंत तीनदा थांबायचो. दिवाळीत एकदा. नोव्हेंबरच्या शेवटी एक दिवस पूल ओलांडून बराच पुढे गेलो आणि लक्षात आलं की मी शिट्टी वाजवतोय. सुरेखाला सांगितलं नाही. फोटोआधी आशा लावायची नव्हती.

सहा महिन्यांच्या एकोला ती आत होती, ठरल्याप्रमाणे. दिवे मंद. मॅडमनी दांडा टेकवला. दांडा काढला, जेली पुसली, नवी लावली, पुन्हा टेकवला.

"सुरेखाताई, इकडे या," त्या म्हणाल्या. "मला वाटतंय ते तुम्हालाही दिसतंय का, सांगा. ही भिंत."

सुरेखा पडद्याला नाक लावून उभी राहिली. मला फक्त तिची पाठ दिसत होती.

"हलतेय," ती म्हणाली. मग मोठ्याने, "अहो, हलतेय! आत येतेय!"

मॅडमनी पडदा माझ्याकडे पूर्ण वळवला. मार्चमधली भिंत डावीकडे, आजची उजवीकडे. डावीकडची मुडदा. उजवीकडची बाकीच्यांपेक्षा आळशी, थोडी उशिरा, पण स्वतःच्या जोरावर आत येणारी. आली. गेली. आली! मी मोजत सुटलो. मला उठून बसायचं होतं आणि मॅडम मला दाबून धरत होत्या, "हलू नका हो, तुम्ही नका हलू!" त्या स्वतःच हसत होत्या.

एक्केचाळीस.

न्यूक्लिअर स्कॅनमध्ये बांगडीचा तुटका भाग अर्ध्याने भरून आला होता. एमआरआयमधला पांढरा पट्टा अरुंद झाला होता. आता मला कळत होतं की तो अरुंद होणंच चांगलं. दिनेशने तिन्ही वेळचे फोटो एकाखाली एक लावून छापून दिले. मॅडमनी एक गोष्ट बजावली आणि मी ती तुम्हालाही बजावतो. "हे पेशींमुळे झालं, गोळ्यांमुळे, चालण्यामुळे की नुसत्या वेळेमुळे, हे एकट्या तुमच्यावरून मला सांगता येणार नाही. स्नायू सुधारलाय, एवढं फोटो सांगतात."

मला तेवढं पुरत होतं. खालच्या बूथवरून वाडीतल्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. आबांना बोलावून आणायला दहा मिनिटं गेली.

"आबा, एक्केचाळीस!"

"काय एक्केचाळीस?"

"हार्ट. सुधारलंय. मेलेली भिंत हलतेय."

मग आबा म्हणाले, "सूनबाईला दे." सुरेखाने फोन घेतला, ऐकलं, आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "हो आबा, मी सोता बघितला."

जानेवारीत मॅडमनी चढाला परवानगी दिली. पाऊण तासाची वाट आम्ही दीड तासात चढलो. खांबावर मात्र पुन्हा चढायचं नाही, हे पक्कं झालं. बोर्डाने मला सबस्टेशनला ऑपरेटर केलं. पहिले काही दिवस वाईट वाटलं. नंतर सवय झाली.

तात्या

मार्चमध्ये तात्यांचे सहा महिन्यांचे फोटो होते. मी रजा काढून बरोबर गेलो. खिशात माझे फोटो घेऊन गेलो होतो. आनंदाच्या भरात तेवढी अक्कल राहिली नव्हती.

तात्यांचं तीस होतं, तीसच राहिलं. बांगडी तिथेच तुटलेली, पट्टा तेवढाच पांढरा. कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. खिशातला तो कागद मला टोचत होता. मीच यांना इथे आणलं. माझं भरलं, यांचं नाही. तोंड वर करवेना.

"तुझा फोटो आणलास काय रे?" तात्यांनी विचारलं.

"असू दे तात्या."

"असू दे काय? दाखव."

दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत तिन्ही फोटो बघितले. बराच वेळ. मग कागद नीट घडी करून परत दिला. "ह्या भागात आधी अंधार होता आणि आता उजेड हाय. बरा झाला. तुझी पोर लहान हाय." त्यांनी चहा संपवला. "माझी पुढची तारीख कदी हाय?"

"सप्टेंबर."

"भात पोटरीला येईल तवा. तू येशील ना?"

त्या सहा महिन्यांत तात्यांनी काय केलं नाही! गोळी एक चुकवली नाही. दासगावात खाडीकाठच्या बांधावरून रोज सकाळी चालले. मी दर आठवड्याला फोन करायचो आणि ते हिशेब दिल्यासारखं सांगायचे, आज कुठवर गेलो, कुठे बसलो.

सप्टेंबरमध्ये एकोच्या खोलीत मी त्यांच्या पायाशी उभा होतो. मॅडमनी तीनदा मोजलं. माझं स्वतःचं हृदय इतकं धडधडत होतं की मशीन माझ्यावर लावलं असतं तर बिघडलं असतं.

"चौतीस," मॅडम म्हणाल्या.

"चार वाढले!" मी ओरडलो.

"थांबा, विलासराव." मॅडमना खोटी आशा दाखवायची सवयच नव्हती. त्या तात्यांकडे वळल्या. "तात्या, खरं सांगते. इतका फरक नुसत्या मोजण्यातही पडू शकतो. आज मी मोजलं, उद्या दुसऱ्या कुणी मोजलं, तर तीन-चार टक्के इकडे तिकडे होतात."

तात्या अंगावरची जेली पुसत उठून बसले. त्यांनी पडद्यावर थबकलेल्या आपल्या हृदयाकडे एकदा नीट बघून घेतलं.

"पडू दे की फरक, मॅडम," ते म्हणाले. "वरच्या अंगाला पडला ना?"